बोनस दिला का नाही, आणि हा गडी कोणत्या गावचा?

सोयाबीन घरात आलं, कापसाची पहिली वेचणी आटोपली की विदर्भात गावोगावी कबड्डीची मैदानं आखली जातात. कॉलेजांचे सामनेही याच दिवसांच्या मागंपुढं. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं, तेव्हा या भागाला खेळ शिकवायची गरज नाही. पण आलेल्या पत्रांत भांडणं दोनच आहेत: पंचाची शिट्टी आणि संघात घेतलेला बाहेरचा गडी. निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत. नियम कबड्डी महासंघाच्या पुस्तिकेतले आहेत. प्रो कबड्डीत (टीव्हीवरची लीग) वेगळं असेल तिथं तसं म्हटलं आहे.

प्रश्न : आमच्या रेडरचा पाय बोनस लाईनच्या पार गेल्ता. समद्या गावानं पाह्यलं. पंचानं बोनस देल्लाच नाही, उलट आमच्या कॅप्टनलेच तंबी देल्ली. हे कोन्त्या नियमात बसते?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

समद्या गावानं पाहिला तो पुढचा पाय. पंच मागचा पाय बघत असतो.

बोनस म्हणजे चढाईत बोनस रेषा ओलांडल्याबद्दल रेडरला मिळणारा जादा गुण. पुढचा पाय या रेषेच्या पलीकडे टेकला, त्या क्षणी मागचा पाय हवेत पाहिजे. मागच्या पायाचा अंगठा जमिनीला घासत असेल तर बोनस नाही. पुढचा पाय रेषेवर पडला तरी नाही, रेषा पूर्ण ओलांडावी लागते. मातीच्या मैदानावर हे ताबडतोब बघितलं तर दिसतंसुद्धा: दोन रेषांच्या मध्ये अंगठ्यानं ओढलेला बारीक ओरखडा असतो. पुढच्या चार सेकंदांत सात जणांचे पाय त्यावरून फिरतात आणि पुरावा जातो. म्हणून चढाई संपल्यावर माती दाखवत बसण्यात अर्थ नाही.

पाय बरोबर पडूनही बोनस न मिळण्याची आणखी तीन कारणं असतात. एक, समोर सहापेक्षा कमी बचावपटू असणं. पाच असताना बोनस रेषा नुसती चुन्याची रेघ, तिला किंमत नाही. प्रेक्षकांची चूक बहुतेक वेळा इथंच होते, कारण आधीच्या चढाईत कोण बाद झाला याचा हिशेब कुणी ठेवत नाही. दोन, आधी टच झाला आणि मग पाय टाकला. टच किंवा झुंज (रेडर आणि बचावपटूंची झटापट) सुरू झाल्यावर टाकलेल्या पायाला बोनस नाही. क्रम आधी बोनस, मग टच असाच पाहिजे. तीन, दम. ‘कबड्डी’ ऐकू येईनासं झालं की रेडर बाद. मग पाय कुठं पडला हा प्रश्नच उरत नाही.

आता कोण कुठून बघतो ते. मैदानाच्या टोकाला बसलेल्याला रेषा आणि पाय यांतलं अंतर कळत नाही, हवेतला पायही टेकल्यासारखा वाटतो. रेषेच्या नेमक्या सरळीत, बाजूला उभा असेल त्यालाच ते नीट दिसतं. त्यामुळं तुमच्या मंडळाचे सामने असतील तर पंचाला बाजूच्या रेषेलगत पुढं-मागं सरकायला जागा द्या. आपल्याकडं तिथं नेमकी पाहुण्यांच्या खुर्च्यांची रांग असते. मग पंच मध्यरेषेजवळ खिळून राहतो आणि बोनस अंदाजानं देतो.

गुणपत्रकातली एक चूकही जाता जाता सांगतो, कारण त्यावरून सामने फिरले आहेत. बोनसच्या गुणावर बाद गडी जिवंत होत नाही. रेडरनं बोनस घेतला आणि नंतर तो पकडला गेला, तर एक गुण रेडरच्या संघाला, एक पकडणाऱ्यांना. आणि जिवंत होणार तो पकडणाऱ्या संघाचाच गडी.

तंबीबद्दल: बोलायचा हक्क कर्णधाराला आहे, पण विचारायचा, हातवारे करत अंगावर जायचा नाही. दोन पंचांत मतभेद झाला तर सरपंच निर्णय देतो (सामन्याचा, गावचा नव्हे). विचारायचं तर नेमकं विचारा: ‘मागचा पाय टेकला होता की टच आधी झाला?’ असं विचारलं की पंचाला कारण सांगावं लागतं. ‘बोनस का नाही?’ म्हटलं की तो नुसता हात हलवतो.

प्रश्न : आंतरमहाविद्यालयीन सामन्यात समोरचा रेडर कुणालाही न शिवता लॉबीत गेला. आमचे तिघे त्याच्यामागं लॉबीत घुसले. पंचांनी रेडरबरोबर आमचे तिघेही बाद दिले. टीव्हीवर तर फक्त रेडर बाद देतात!
— एक विद्यार्थी खेळाडू, कारंजा, जि. वाशिम

तुमचं भांडण हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत होऊन गेलं आहे. ७ ऑक्टोबर २०२३, पुरुषांची अंतिम लढत, भारत विरुद्ध इराण, गुण २८-२८, शेवटची एक-दीड मिनिटं. पवन सेहरावत निर्णायक चढाईला गेला आणि कुणाला न शिवता लॉबीत (मैदानाच्या बाजूची मीटरभर पट्टी) उतरला. इराणचे बचावपटू त्याच्यामागं लॉबीत गेले. जुना नियम म्हणतो, झुंज नसताना लॉबीत जो पाय टाकेल तो बाद, मग रेडर असो वा बचावपटू. प्रो कबड्डीतला नवा नियम म्हणतो, रेडर लॉबीत गेला तिथंच चढाई संपली, पुढं जे झालं ते मोजायचं नाही. पंचांनी एकदा निर्णय दिला, मग फिरवला, मग पुन्हा फिरवला. दोन्ही संघ मैदानात बसून राहिले. सुमारे तासभर खेळ थांबला. शेवटी बचावपटूही बाद धरले गेले आणि भारतानं ३३-२९ असा सामना घेतला.

आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जे ठरलेलं नव्हतं, ते तुमच्या तालुक्याच्या मैदानावर आपोआप ठरलेलं असेल ही अपेक्षाच चूक. सामन्याआधी संघ व्यवस्थापकांची बैठक होते. तिथं चहा पिऊन उठू नका. तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर घ्या: रेडर न शिवता लॉबीत गेला तर मागचे बचावपटू बाद की नाही? दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरी ‘करा किंवा मरा’ (गुण नाही तर रेडर बाद) धरणार की नाही? तीन किंवा कमी गड्यांनी पकड केली तर अव्वल पकडीचा जादा गुण आहे की नाही? गावच्या स्पर्धांत यातलं काही चालतं, काही नाही, आणि कुणी घोषित करत नाही.

उत्तर काहीही मिळो, बचावाची सवय जुन्या नियमाप्रमाणंच लावा. रेडर बाजूला सरकला की कोपऱ्यातला गडी त्याच्याबरोबर वाहवत जातो. तसं होऊ द्यायचं नाही. लॉबीच्या रेषेच्या आत पाय रोवायचे आणि हात वर करून पंचाचं लक्ष वेधायचं. सरावात लॉबीच्या रेषेवर जुनी सुतळी ताणून ठेवा, पायाला लागली की गडी बसवा. आठवडाभरात सवय मोडते.

आणि ‘न शिवता’ म्हणताना जपून. अंगाला नाही, नुसत्या बनियनला किंवा बुटाला हात लागला तरी तो टच. टच झाला की झुंज सुरू, आणि झुंज सुरू झाली की लॉबी मैदानात धरली जाते. पंचाच्या मते टच झाला असेल, तर त्या लॉबीत गेल्याबद्दल कुणीच बाद नाही, आणि ज्याला टच झाला तो गडी रेडर घरी पोचताच बाद.

प्रश्न : आमच्याकडं मोबाईलचा व्हिडिओ आहे. पंच बघायलाच तयार नाहीत.
— एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा

बघू नयेत हेच बरोबर. प्रो कबड्डीत पुनरावलोकनाची सोय नियमात आहे आणि त्यासाठी कॅमेरे ठरावीक जागी लावलेले असतात. तुमचा व्हिडिओ कोपऱ्यातून, वरखाली हलत, साधारण सेकंदाला ३० चित्रांच्या वेगानं घेतलेला. पाय टेकल्याचा नेमका क्षण दोन चित्रांच्या मधे निसटतो.

आयोजकांना खरंच सोय करायची असेल तर बोनस रेषेच्या सरळीत, बाजूला दोन-तीन मीटर अंतरावर, गुडघ्याच्या उंचीला तिपाईवर मोबाईल ठेवा. मैदानाच्या दोन अर्ध्यांसाठी दोन. वेग सेकंदाला ६० चित्रं. प्रत्येक संघाला एकच मागणी, आणि हे पहिल्या सामन्याआधी जाहीर केलेलं पाहिजे. निम्म्या स्पर्धेत सुरू करायचं नाही.

प्रश्न : दोन चढाया झाल्या की लाईन पुसून जाते. मग ‘आत होता’, ‘बाहेर होता’ सुरू. मैदान काळ्या मातीचं आहे. काय करावं?
— मंडळाचे कार्यकर्ते, ता. चिमूर, जि. चंद्रपूर

पुसलेल्या रेषेवर कोणताही पंच चांगला ठरत नाही, तेव्हा हे पत्र सगळ्यांत कामाचं.

आधी माप. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. एक बाजू १३ मीटर ताणून खुंट्या ठोका, कोपऱ्यावर ३-४-५ मीटरचा त्रिकोण करून काटकोन काढा, मग दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही १६.४० मीटर आले पाहिजेत. दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर मैदान तिरकं आहे, खुंटी सरकवा. मध्यरेषा टाकल्यावर अर्ध्या भागाचा कर्ण ११.९३ मीटर. मध्यरेषेपासून निदान रेषा (बॉक लाईन, चढाईत रेडरनं ओलांडायचीच रेषा) ३.७५ मीटरवर, तिच्यापुढं १ मीटरवर बोनस, तिथून अंतिम रेषा १.७५ मीटर. दोन्ही बाजूंना लॉबी १ मीटर. मुलींसाठी मैदान १२ बाय ८: अर्ध्या भागाचा कर्ण बरोबर १० मीटर येतो, त्यामुळं आखायला सोपं. निदान रेषा ३ मीटरवर, बोनस ४ मीटरवर. मुलांच्याच मैदानावर मुलींचे सामने उरकायची पद्धत सोडा. पाऊण मीटर लांब गेलेल्या बोनस रेषेवर मुली बोनस घेणार कशा?

काळी माती वाळली की भेगाळते, ओली झाली की पायाला चिकटून ढेकळं होतात. तिच्यावर थेट खेळू नये. वरचा थर सपाट करून पाणी मारा, दाबा, आणि त्यावर तीन-चार इंच चाळलेली पिवळी किंवा लाल माती, लाकडाचा भुसा आणि पूर्ण कुजलेलं शेणखत एकत्र करून पसरा. चाळण्याचा कंटाळा करू नका, बाभळीचा काटा आणि मुरमाचा खडा दोन्ही तिथंच सापडतात. आदल्या संध्याकाळी हलकं पाणी, सकाळी रोलर. खेळाच्या दिवशी दुपारी पाणी मारलं तर रात्री मैदान निसरडं होतं आणि गुडघे जातात.

रेषांसाठी कळीचा चुना वापरू नका. घामावर तो भाजतो, डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते. खडूची भुकटी चालेल. पण टिकाऊ उपाय म्हणजे खाटेची नवार: चार-पाच सेंटीमीटर रुंद पट्टी, जाड तारेच्या वीतभर यू खिळ्यांनी दर अर्ध्या मीटरवर ठोकलेली, खिळ्याचं डोकं मातीखाली. पट्टी सैल राहिली तर अंगठा अडकतो, म्हणून ताणून ठोका आणि मध्यंतरात हातानं ओढून बघा. सगळ्या रेषांना नवार पुरत नसेल तर आधी बोनस, मग निदान रेषा, मग मध्यरेषा. बाकीच्या भुकटीनं. प्रत्येक रेषेच्या सरळीत मैदानाबाहेर चार मीटरवर दोन्हीकडं एकेक खुणेची खुंटी जमिनीलगत ठोकून ठेवा. रेष पुसली की सुतळी ताणायची, भुकटी सोडायची, मिनिटभराचं काम. खुंट्या नसल्या की मध्यंतरात पुन्हा आखलेली रेष हमखास चार बोटं सरकते, आणि दुसऱ्या डावात भांडण.

प्रश्न : रेडर अंगाला तेल चोपडून येतो. पकड लागतच नाही.
— एक वाचक, ता. लाखांदूर, जि. भंडारा

नियमात साफ मनाई आहे. नखं कापलेली, अंगठी-कडं-साखळी काढलेली, अंगाला तेल किंवा तत्सम काही नाही. सामन्यापूर्वी पंचाकडून तपासणी मागा. सुती पंचा मनगटावर, मांडीवर, घोट्यावर फिरवला की कळतं. मध्यंतरानंतर पुन्हा मागा, कारण तेल तेव्हाच लागतं.

प्रश्न : ६० किलो वजनगटाची स्पर्धा ठेवतो. प्रत्येक संघ चार-चार बाहेरचे खेळाडू आणतो, काही तर दोन संघांकडून खेळतात. गावच्या पोरांना खेळायलाच मिळत नाही. बाहेरच्यांना बंदी घालावी का?
— आयोजक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

बंदी घालू नका. चांगला रेडर बघायला चार गावं येतात, आणि तुमच्या पोरांना त्याच्यासमोर पकड शिकायला मिळते. मर्यादा घाला. १२ जणांच्या यादीत बाहेरचे तीन, मैदानात एका वेळी दोन, हे प्रमाण बरं चालतं. ‘बाहेरचा’ म्हणजे कोण हे पत्रकातच लिहा: गावाबाहेरचा की तालुक्याबाहेरचा? हे न लिहिल्यानं मामाच्या गावाहून आलेला भाचा दरवर्षी वादात सापडतो.

यादी पहिल्या सामन्याआधी बंद. प्रत्येक खेळाडूचा फोटो, सही आणि जर्सीचा क्रमांक एकाच रजिस्टरमध्ये, संघनिहाय वेगळ्या कागदांवर नाही. सगळे फोटो एका वहीत असले की दोन संघांतून खेळणारा पानं उलटतानाच सापडतो. आधारची नुसती रंगीत झेरॉक्स घेऊ नका, त्यात जन्मतारीख बदलणं सोपं आहे. मूळ कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्याच (यूआयडीएआयच्या) अ‍ॅपवर स्कॅन करा, नाव-वय जुळवा आणि कार्ड परत द्या. झेरॉक्सचा गठ्ठा मंडळात पडू देऊ नये.

वजनाचं बघा. धान्याचा इलेक्ट्रॉनिक काटा चालतो, पण तो फरशीवर ठेवा. मातीवर किंवा सतरंजीवर आकडा बदलतो. व्यापाऱ्याकडून २० किलोची शिक्का मारलेली तीन मापं आणून सगळ्यांसमोर काट्यावर ठेवा. बरोबर ६० दाखवलं की निम्मं भांडण तिथंच संपतं. वजन हाफ पँटवर, बूट काढून. सूट द्यायची तर अर्धा किलो, सर्वांना सारखी. वजन एकदाच की रोज, तेही पत्रकात.

पोरं दोन दिवस उपाशी राहून, अंगाला प्लास्टिक गुंडाळून धावतात आणि तीन किलो उतरवून येतात. पाणी कमी झालेल्या शरीराला पायात गोळे येतात, चक्कर येते, आणि पकडीत मान सांभाळता येत नाही. म्हणून सकाळी वजन आणि संध्याकाळी सामना यांत किमान पाच-सहा तास ठेवा. ६० साठी ६४ किलोचा मुलगा आणणाऱ्या व्यवस्थापकाला सरळ ६५ चा गट दाखवा. बाहेरच्या खेळाडूला मानधन देणाऱ्या संघानं तो जखमी झाल्यास दवाखान्याचा खर्च कोण करणार हे आधी ठरवावं. गुडघा निखळल्यावर सगळे फोन बंद होतात.

प्रश्न : समोरच्या कॉलेजचा कोपरारक्षक नोकरी करतो, प्रवेश नावापुरता. आम्ही हरल्यावर तक्रार केली, कुणी घेतली नाही.
— माजी विद्यार्थी, पुसद, जि. यवतमाळ

हरल्यावर केलेली तक्रार रागात मोजली जाते. पात्रतेचा आक्षेप सामना सुरू होण्यापूर्वी, लेखी, संघ व्यवस्थापकाच्या सहीनं, विद्यापीठानं ठरवलेलं शुल्क असेल तर त्यासह द्यायचा. खेळाडू नियमित पूर्णवेळ विद्यार्थी आहे का, वय बसतं का (दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या जन्मतारखेनं), त्याच वर्षी दुसऱ्या विद्यापीठाकडून खेळला का, हे तीन मुद्दे. वयाची मोजणी कोणत्या तारखेला हे त्या वर्षीच्या पत्रकात असतं, गेल्या वर्षीच्या नाही. पात्रता अर्जावर प्राचार्य आणि शारीरिक शिक्षण संचालक दोघांच्या सह्या असतात, त्यामुळं ‘फेसबुकवर गणवेशातला फोटो आहे’ एवढ्यावर कुणी तो अर्ज रद्द करत नाही. नोकरीचा किंवा दुसऱ्या विद्यापीठाचा कागद हातात असेल तरच पुढं जा.

प्रश्न : मुलगा डाव्या बाजूचा चांगला रेडर आहे. बारावीनंतर दोन कॉलेजांचे फोन येत आहेत: फी माफ, वसतिगृह फुकट, ‘पोलिसात लावून देऊ’. कुठं घालावं?
— एक पालक, ता. आर्वी, जि. वर्धा

‘पोलिसात लावून देऊ’ म्हणणाऱ्याचा फोन आधी बाजूला ठेवा. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला शासन निर्णयात दिलेल्या स्तराच्या स्पर्धेतलं यश आणि विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी लागते. गावच्या स्पर्धेची ढाल त्यात चालत नाही आणि कोणतंही कॉलेज ती पडताळणी करून देऊ शकत नाही. खोट्या प्रमाणपत्राच्या नादी लागलात तर नोकरी जाते आणि गुन्हाही दाखल होतो.

दोन्ही कॉलेजांना हे विचारा. तुमच्याकडं डाव्या बाजूचे रेडर किती, आणि कोणत्या वर्षाचे? तीन असतील आणि तिघंही पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असतील तर मुलगा दोन वर्षं बाकावर बसेल. सराव मातीवर की मॅटवर? विद्यापीठ संघाच्या निवडीला मॅटचा सराव लागतो. मातीवरचा रेडर मॅटवर पहिल्यांदा उतरला की वळताना पाय चिकटतो आणि गुडघा फिरतो. प्रशिक्षक रोज असतो की स्पर्धेपुरता? फी माफी एक वर्षाची की तिन्ही वर्षांची, आणि मुलगा जखमी झाला तर सुरू राहते का? उत्तर कॉलेजच्या कागदावर, शिक्क्यासह घ्या. मूळ टीसी आणि गुणपत्रिका कुणाच्याही ‘ठेवून घेतो’ला देऊ नका, प्रवेशाच्या टेबलावर पावती घेऊनच द्या. कागद अडकले की मुलगा अडकतो.

विद्यापीठाचाही विचार करा. वर्धा नागपूर विद्यापीठात, यवतमाळ-अमरावती अमरावती विद्यापीठात, चंद्रपूर-गडचिरोली गोंडवाना विद्यापीठात. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. मुलाच्या जागेवर ज्या विद्यापीठाचा रेडर यंदा पदवी संपवून बाहेर पडतो आहे, तिकडं संधी लवकर. गेल्या वर्षीचा संघ क्रीडा विभागाकडं विचारला की कळतो.

प्रश्न : बाद फेरीत बरोबरी झाली. आयोजकांनी सरळ नाणं उडवलं. चालतं का?
— एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

नाही, नाणं सगळ्यांत शेवटी. आधी पाच-पाच चढाया. दोन्ही संघांचे सातही गडी मैदानात, कुणी बाद होऊन बाहेर जात नाही, जिवंत होणं नाही. फक्त गुण मोजायचे. निदान रेषाच बोनस रेषा म्हणून धरायची. पाच रेडरांची नावं आणि क्रम आधी सरपंचाकडं लेखी द्यायचा, नंतर बदल नाही. सामन्याच्या सुरुवातीला ज्या संघानं पहिली चढाई केली, तोच इथं आधी जातो. तरी बरोबरी राहिली तर सुवर्ण चढाई: नाणेफेक जिंकणारा संघ एक चढाई करतो, त्यात निकाल लागला नाही तर दुसरा संघ. तीही कोरी गेली, तरच निकाल नाण्यावर.